सालईटोल्याचं पाणी

"मॅडम, मेरी मानो तो ये काम दिवाली के बाद करो," सदर बाजारातला दुकानदार म्हणाला होता. "मई में कूलर चलेगा, और कूलर चला तो रेझिन बिगडेगा. नागपूर में ये दोनो साथ नही रहते. सास-बहू समझ लो."

माझं आणि माझ्या सासूचं चांगलं पटतं, असं मी त्याला सांगितलं आणि दोन्ही बाटल्या, एक रेझिनची आणि एक ते घट्ट करणाऱ्या औषधाची, पिशवीत टाकल्या.

त्याच्याकडे रेझिन घ्यायला बायका येतात त्या लग्नातल्या वरमाला काचेसारख्या पाटीत गोठवून ठेवण्यासाठी. आधी त्यानं मलाही विचारलं होतं, "वरमाला है क्या?"

"नदी है," मी म्हटलं.

तो माझ्याकडे आणि मग कडेवरच्या उन्नतीकडे बघत राहिला. उन्हातून लेकरू घेऊन आलेली बाई नदीसाठी सामान मागते म्हटल्यावर कोणीही बघेल.

नदी आमच्या वरच्या मजल्यावर होती. प्रताप नगरात आम्ही वामनरावांच्या घरात भाड्यानं राहत होतो; खाली आम्ही, वर ते एकटे. मी त्यांना काकाजी म्हणायचे आणि उन्नती आबा म्हणायची. काकाजी छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, स्टेशन मास्तर होते. ती लाइन उखडली, रूळ गेले, आणि ज्या सालईटोला स्टेशनावर त्यांची निम्मी नोकरी गेली तिथं आता फलाटाचा नुसता उंचवटा राहिला आहे म्हणतात. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी शामलाकाकू वारल्यावर त्यांनी समोरच्या खोलीतला पलंग काढून टाकला, दोन टेबलं जोडली, वर प्लायवूड ठोकला आणि सालईटोला पुन्हा बांधायला घेतलं.

आम्ही राहायला आलो तेव्हा स्टेशन उभं होतं. पुठ्ठ्याची इमारत, खराट्याच्या काड्यांचं कुंपण, भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झाडं, थर्माकोलवर प्लास्टर लावून केलेली टेकडी. त्यातून काड्यापेटीएवढ्या डब्यांची गाडी एक चक्कर मारायची. पुलाखाली मात्र नदी कोरडी. रेतीचा पट्टा, चार दगड, बस्स.

उन्नती तीन वर्षांची. गाडी पुलावर आली की ती टाचा उंचावून खाली बघायची.

"आबा, पाणी कुठं गेलं?"

"येऊन राहिलं ना वं," काकाजी म्हणायचे. "वरून सोडलं हाय. वाटेत हाय."

त्या उन्हाळ्यात संघपालची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, हिंगण्याहून चाकणला बदली झाली. कंपनीनं इथली एक लाइन बंद करून माणसं तिकडं नेली. तो एप्रिलातच गेला. खोली मिळाली की आम्हाला न्यायचं, जूनच्या आत, असं ठरलं. तोवर मी आणि उन्नती. लग्नाआधी मी बी.एस्सी. केमिस्ट्री केलं, लग्नानंतर सहा महिने एका लॅबमध्ये गेले, मग उन्नती झाली. आता दिवसभर माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे उन्नती आणि दूधवाला. मी स्वयंपाकघराचा गॅस दोनदा बघायचे, मग तिसऱ्यांदा. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढला आहे ना हे बघून पुन्हा बघायचे. मे महिन्यात दुपारी आमच्या गल्लीत कावळासुद्धा बोलत नाही. अशा वेळी वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला की बरं वाटायचं. कोणीतरी आहे.

एकदा मी ताक घेऊन वर गेले तर काकाजी नदीशी भांडत बसलेले.

"फेविकॉल ओतून पाहिला," ते म्हणाले. "वाळला तर भेगा पडल्या. व्हार्निश ओतलं, ते पिवळं. काच कापून टाकली, तर नदी कमी अन् कटिंगच्या दुकानातला आरसा जास्त."

मी ऐटीत म्हटलं, "चायना ग्रास टाकून बघा. खरवसासारखं घट्ट होतं आणि पारदर्शक दिसतं."

टाकलं. मीच शिजवून दिलं. संध्याकाळी ते इतकं सुंदर दिसलं की काकाजींनी खोलीतला दिवा घालवून टॉर्च मारून पाहिलं. उन्नतीनं चमचा मागितला. पण मी स्वयंपाकघरातल्या सवयीनं त्यात चिमूटभर साखर टाकली होती. दुसऱ्या दिवशी फलाटावरून मुंग्यांची रांग सरळ पुलाखाली. आणि पाणी आक्रसून काठापासून सुटलेलं.

"पॅसेंजर तर लय उतरले वं तुह्या नदीवर," काकाजी म्हणाले. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. संघपाल गेल्यापासून तशी हसले नव्हते.

मग मी रीतसर मागे लागले. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. जगात कुठं कुठं लोक रेझिन ओतून अशा टेबलावरच्या नद्या करतात, हेच मला नवीन होतं. सगळे एकच सांगत होते: पाण्याला रंग देऊ नका, तळाला द्या. काकाजींनी रांगोळीचा निळा रंग आणून ठेवला होता, रेझिनमध्ये कालवायला. मी तीन डब्यांची झाकणं घेतली. एकात निळं रेझिन. एकात तळ निळा, वर साधं रेझिन. तिसऱ्यात काठाशी रेतीचा रंग, मध्ये बाटलीसारखा काळपट हिरवा, आणि वर साधं. गच्चीच्या कठड्यावर ठेवली आणि वाळल्यावर त्यांना विचारलं.

पहिल्या झाकणाला त्यांनी हातही लावला नाही. "हे तर कपड्याची नीळ." दुसरं उचलून ठेवलं. तिसरं डोळ्यांजवळ नेलं, मग खिडकीशी नेलं.

"हा डोह हाय," ते म्हणाले. "उन्हाळ्यात नदी आटे, पण पुलाच्या खालचा डोह नाही आटे. शामला दुपारच्या गाडीनंतर तिथं कपडे धुवाले जाय. मी ऑफिसातल्या टेबलावरून पाहो. मधात हिरवं दिसे अन् तिचे पाय काठाले, रेतीत. पाय दिसत पाण्यातून."

नदीचा तळ आम्ही दोघांनी रंगवला. हिरवा ते सांगत होते, ब्रश माझ्या हातात होता. कोणी माझं मत विचारून त्यावर काहीतरी करत होतं, याची मला सवयच राहिली नव्हती. उन्नतीला मी दारात बसवलं, उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. रेझिनचा वास तिच्या छातीत जाऊ नये म्हणून. काकाजी म्हणाले, "पोट्टी जायच्या आधी पाणी भरून टाकू. मग गाडी चालवू. तिलेच झेंडी देऊ."

पहिला थर आम्ही सकाळी ओतला. पातळ, सांगितला होता तेवढाच. केस वाळवायच्या मशीननं वरचे बुडबुडे फोडले. कूलर सुरू होता. दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर, स्लॅबखालची खोली, कूलर नसता तर बसवलंच नसतं. दुकानदाराचं मला आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर साय होती. पांढरी, चिकट, थेट दुधावर धरते तशी.

"घ्या," काकाजी म्हणाले. "नदीचं दूध झालं."

मग मला दुकानदार आठवला, आणि कॉलेजही आठवलं. कूलर हवा ओली करतो. रेझिनचं दुसऱ्या बाटलीतलं औषध ती ओल ओढून घेतं आणि वर असा पांढरा थर धरतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला खोलीत कूलर लावायचं सुचणार नाही. नागपूरच्या माणसाला मे महिन्यात दुसरं काही सुचणार नाही. मी काकाजींना सगळं समजावून सांगितलं. साबणाच्या पाण्यानं तो थर पुसून, घासून काढता येतो हेही सांगितलं. आणि बोलता बोलता म्हटलं, "दोन दिवस कूलर बंद ठेवता आला असता, तर एकदम काचेसारखं झालं असतं."

ते साबणाचं फडकं पिळत होते. "दोन दिवस," ते म्हणाले.

"पण तसं करायचं नाही, काकाजी. दिवाळीत करू. आम्ही येऊ ना दिवाळीत."

"हो," ते म्हणाले. रेल्वेतली माणसं बंद झालेल्या गाडीबद्दल 'पुन्हा सुरू होणार आहे म्हणतात' असं सांगतात, तसं ते हो होतं.

त्याच आठवड्यात संघपालला खोली मिळाली. मी भांडी खोक्यात भरायला लागले. काकाजी खाली आले आणि म्हणाले, "त्या बाटल्या माह्याजवळ दे. तू सामान बांधून राहिली, पोट्टी फिरून राहिली. सांडन-बिंडन." उन्नतीचा हात पोचू नये म्हणून त्या मी कपाटाच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. त्यांचं बोलणं मला पटलं. माझ्याच काळजीचं बोलले होते ते. मी स्टूल घेऊन चढले आणि बाटल्या काढून दिल्या.

संध्याकाळी फोनवर संघपालला नदीचं सांगितलं तर तो म्हणाला, "इकडं पोरीच्या शाळेचं बघायचं आहे, अन् तू नदीवर."

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं.

"कळते. करमत नाही तुला. मलेही नाही करमत. जेवण करून राहिलो, कूकरच्या शिट्ट्या शेजारच्यांच्या ऐकून राहिलो."

मी फोन कानाशी धरून भांडी कागदात गुंडाळत राहिले.

काकाजींचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर होता आणि तो गळायचा. ते पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर खाली पडायचं. वाया कशाला घालवायचं म्हणून मी त्याच्याखाली एक जुना टब ठेवून पुदिना लावला होता. दिवसभर टप टप चालायचं. उन्नती त्या आवाजावरच झोपायची.

त्या दुपारी मी तिला थोपटत होते आणि ती झोपत नव्हती. कूस बदलत होती, रडत होती. ताप आहे का म्हणून मी तिचं कपाळ बघितलं, पोट बघितलं. काही नव्हतं. मग उठून पुदिना तोडायला खिडकीतून हात घातला. टबातली माती भेगाळली होती.

टप टप नव्हतं.

लाइट गेली म्हणावं तर आमचा कूलर सुरू होता. झोपले असतील, मी मनात म्हटलं. पण नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करून कोणी झोपत नाही. मी उन्नतीला कडेवर घेतलं आणि जिना चढले. जिन्याचा लोखंडी कठडा हात लावू देत नव्हता.

दार आतून बंद. खिडक्याही बंद, आणि फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या. मी कडी वाजवली.

"कोन?"

"मी, मोनाली."

"आता नको वं. धूळ येईन. ओलं हाय."

"काकाजी, कूलर का बंद आहे?"

मग ते अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "दुपारची गाडी लेट हाय. शामलाले सांग, डोहावर जाऊ नको म्हणा. गाडी येईपर्यंत जाऊ नको."

मी दार ढकललं, कडी हलली नाही. ओरडून सांगितलं, उघडा. ते "संध्याकाळी, संध्याकाळी" म्हणत राहिले. स्वतःसाठी ते उघडणार नव्हते. माझ्यासाठीही उघडणार नव्हते.

"काकाजी," मी म्हटलं, "उन्नतीला तहान लागली. खाली आमच्याकडे पाणी नाही. हिला घोटभर पाणी द्या."

आत खुर्ची सरकली. भांड्याचा आवाज आला. मग पाय ओढत येत असल्याचा. कडी पडली आणि ते दारात उभे, हातात तांब्या. चेहरा लालभडक, आणि अंगावर घामाचा थेंब नाही. तांब्याखाली मी हात धरला तेव्हा त्यांची बोटं लागली. तवा लागावा तशी.

खोलीतून जी हवा बाहेर आली ती मी विसरणार नाही. पंखाही बंद होता, वाऱ्यानं धूळ उडून ओल्या रेझिनवर बसू नये म्हणून. आणि टेबलावर, पुलाखाली, नदी भरली होती. खोटं कशाला सांगू, मी आधी ती बघितली. काठाची रेती पाण्यातून दिसत होती, मध्ये हिरवं काळोखं, आणि पुलाची सावली पाण्यावर सरळ पडलेली. एवढं खरं पाणी मी खऱ्या नदीत बघितलेलं नाही.

मी खिडकी उघडली, वर्तमानपत्र ओढून काढलं, आणि कूलरच्या बटणाकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पाणी खराब होईन."

"होऊ द्या."

"पोट्टी पाहीन तरी," ते म्हणाले. मनगट सोडलं नाही. "आतापासून सकाळपर्यंत. तेवढंच."

उन्नती कडेवरून नदी बघत होती. बोटानं दाखवून म्हणाली, "पाणी आलं."

"पाहिलं तिनं, काकाजी," मी म्हटलं. "पाहिलं," आणि बटण दाबलं.

पुढचं पटापट झालं. शेजारच्या जयाताईंना हाक मारली. त्या चादर ओली करूनच आल्या, जणू तयारीत होत्या. "म्हाताऱ्याले अक्कल नाही, अन् तू तरी काय पाहून राहिली होती वं," असं मला एकीकडे बोलत त्यांनी काकाजींचे पाय पुसले, काखेत बर्फ धरला. त्यांच्या पुतण्यानं गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर राहिले असते तर आणलं नसतं तरी चाललं असतं. हे ते इतक्या सहज म्हणाले की मला त्यांचा राग आला. मग कळलं, त्या वॉर्डात त्या दिवशी सगळेच तसे होते. उन्हात कामावर गेलेले. आपल्या घरात बसून उष्माघात झालेले काकाजी एकटेच.

ते घरी आले तेव्हा नदी अर्धी पांढरी झाली होती. कूलरच्या बाजूची. पुलाखालचा डोह कसा कोण जाणे, स्वच्छ राहिला होता. ते टेबलाजवळ उभे राहिले. मी माफी मागायच्या तयारीत होते. त्यांनी उन्नतीला जवळ बोलावलं.

"हे पाह्य," ते म्हणाले, "वरच्या अंगाले म्हशी उतरल्या पाण्यात. म्हणून गढूळ झालं."

आम्ही निघालो त्या दिवशी त्या पांढऱ्या पाण्यात मेणाच्या तीन काळ्या म्हशी बसल्या होत्या, नुसती डोकी वर. उन्नतीनं हिरवी झेंडी दाखवली. गाडी पुलावरून गेली.

आता आम्ही चाकणला चौथ्या मजल्यावर राहतो. उन्नती शाळेत जाते. इथं उन्हाळ्यात पंखा पुरतो. खालून-वरून इतके आवाज येतात, पण कोणता कोणाचा हे मला सांगता येत नाही. दिवाळीत जाणं झालं नाही. मग मीच बोलून बसले की जूनमध्ये नक्की चार दिवस येऊ. तेव्हापासून काकाजींचा आवाज एकदम खुलला. एकदा त्यांनी सहज विचारलं, "त्या सदरच्या दुकानाचं नाव काय होतं वं?" मी विसरले म्हणून सांगितलं. नंतर विचारलं नाही, म्हणजे त्यांनी शोधलं असणार.

काल, भर मे महिन्यात, फोन केला तेव्हा म्हणाले, "म्हशी काढल्या. घासून घेतली सारी नदी. या वेळी एकदम काच."

"काकाजी, कूलर सुरू आहे ना?"

"सुरू हाय ना. ऐक." त्यांनी फोन कशाजवळ तरी नेला. घरघर आली. पण ती टेबलफॅनची होती. कूलर असला की पंपाचं पाणी जाळीतल्या गवतावरून उतरताना ऐकू येतं. तो आवाज मी रोज ऐकला आहे. तो नव्हता.

जयाताई उन्हाळाभर मुलीकडे अमरावतीला आहेत. आमच्या जागी अजून भाडेकरू आलेला नाही. आमचं रिझर्वेशन जूनचं आहे. संघपाल म्हणतो, मिळालं तर अलीकडचं बघतो.

तुम्ही त्या बाजूनं जात असाल, तर प्रताप नगरात पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत पिवळ्या गेटचं घर आहे. दुपारीच जा. वर बघू नका, आधी खाली बघा, डावीकडच्या खिडकीखाली. पुदिन्याचा टब आहे. ओला असला तर तसेच पुढे जा. कोरडा असला तर जिना चढा आणि कडी वाजवा. ते आतून संध्याकाळी या म्हणतील. जाऊ नका. दारातच उभे राहा आणि प्यायला पाणी मागा.